पट्टीसर्व्हिस नावाचे दोन क्लास आणि मंजुरीचा तक्ता : माझा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत्यांसाठी आम्ही जावा ही प्रोग्रामिंग भाषा आणि स्प्रिंग बूट (स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार चौकटीवर, उभारलेले साधन) वापरून दोन प्रणाली लिहिल्या होत्या, एक हळदीच्या सौद्यांसाठी आणि दुसरी बेदाण्याच्या. पुढे दोन्ही मिळून एकच ॲप्लिकेशन करायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. डेटाबेस, लॉगिन, अहवाल हे सारे विनासायास जुळले. काम अडले ते कॉम्पोनंटच्या, म्हणजे प्रोग्रामच्या सुट्या भागांच्या, नावांवर, आणि इतके अडले की त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हाती जो हिशेबाचा कागद पडतो त्याला यार्डात पट्टी म्हणतात, मग माल हळद असो वा बेदाणा. त्यामुळे दोन्हीकडे पट्टीसर्व्हिस नावाचा क्लास, म्हणजे कोडचा एक घटक, असणे स्वाभाविकच होते. क्लास ठेवण्याचे गट, म्हणजे पॅकेज, वेगवेगळी होती, परंतु स्प्रिंग कोड स्कॅन करताना बीनचे (स्प्रिंगने स्वतः बनवून सांभाळलेल्या वस्तूचे) नाव ठरवते ते पॅकेज वगळून, नुसत्या क्लासच्या नावावरून. एकच नाव दोघांनी मागितल्यामुळे ॲप्लिकेशन सुरू होतानाच ‘कॉन्फ्लिक्टिंग बीन डेफिनिशन एक्सेप्शन’ देऊन थांबले. हे थांबणे मला योग्यच वाटते. ऐन सौद्याच्या वेळी चुकीची पट्टी छापली जाण्यापेक्षा सकाळी सर्व्हर सुरूच न होणे केव्हाही परवडते.

नावे बदलणे हे खरे तर तासाभराचे काम होते. परंतु ग्राहकाच्या मुख्य कार्यालयात एक समिती आहे आणि तिच्या तक्त्यात मंजूर झाल्याशिवाय कोणतेही नवे नाव कोडमध्ये घालता येत नाही. नियम असा की क्लासच्या नावाआधी प्रकल्पाचा तीन अक्षरी संकेत कॅपिटलमध्ये लावायचा, म्हणजे हळदीसाठी एच, एल, डी. आणि बीनच्या नावाच्या रकान्यात तेच नाव पहिले अक्षर स्मॉल करून लिहायचे. कागदावर हे नीटनेटके दिसते, पण स्प्रिंग तसे वागत नाही. पहिले अक्षर स्मॉल करण्याचे काम ते जावाच्याच इंट्रोस्पेक्टरमधील ‘डीकॅपिटलाइझ’ या मेथडच्या नियमाने करते, आणि तो नियम सांगतो की पहिली दोन्ही अक्षरे कॅपिटल असतील तर नावाला हात लावायचा नाही. यूआरएलसारखी आद्याक्षरी नावे विद्रूप होऊ नयेत म्हणून ही सोय आहे. परिणामी बीनचे नाव एच, एल, डी या तिन्ही कॅपिटल अक्षरांसकट जसेच्या तसे राहते, आणि तक्त्यातले नाव क्वालिफायरमध्ये, म्हणजे कोणता बीन हवा हे सांगणाऱ्या खुणेत, लिहिले की स्प्रिंगला तसा बीन सापडतच नाही.

हे मी सविस्तर लिहून पाठवले, सोबत चालू ॲप्लिकेशनमधून काढलेली बीनच्या नावांची यादीही जोडली. तक्ता परत आला, शेरा एकच: ‘नाव नियमानुसार नाही.’ फोन केला तर उत्तर मिळाले, “तुमच्या फ्रेमवर्कचं तुम्ही बघा, तक्ता बदलता येणार नाही.” नाव म्हणजे फाइलवरची चिठ्ठी आहे आणि ती काहीही असली तरी चालते, अशी त्यामागची समजूत होती. डिपेंडन्सी इंजेक्शनमध्ये त्याच नावावरून फ्रेमवर्क एक वस्तू दुसरीत नेऊन बसवू शकते, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरवण्यात माझा सगळा धीर संपत आला.

मध्येच त्यांच्याकडून सल्ला आला की बीन ओव्हररायडिंग, म्हणजे एकाच नावाची दुसरी व्याख्या चालवून घेण्याची सोय, चालू करा आणि पुढे चला. स्प्रिंग बूट २.१ पासून, म्हणजे २०१८ पासून, ती सोय मुळातच बंद ठेवलेली आहे, आणि त्याला कारण आहे: ती चालू केली की बीन मेथडने (कोडमध्ये लिहिलेल्या, बीन तयार करून देणाऱ्या मेथडने) बनवलेल्या कॉम्पोनंटमध्ये एकाच नावाची दुसरी व्याख्या पहिलीला गुपचूप बाजूला सारते. शिवाय स्कॅनमध्ये सापडलेल्या दोन वेगळ्या क्लासची टक्कर त्या सेटिंगने सुटतच नाही. पॅकेजसह पूर्ण नाव देणारा जनरेटर स्प्रिंग ५.२.३ पासून उपलब्ध आहे आणि त्याचा विचार मी केला होता, परंतु त्या नावांत टिंबे येतात आणि टिंब असलेले नाव पॅरामीटरला, म्हणजे मेथड किंवा कन्स्ट्रक्टर बाहेरून घेतो त्या मूल्याला, देता येत नाही. त्यामुळे पॅरामीटरच्या नावावरून बीन निवडण्याची वाट बंद होते.

अखेर संकेताचे फक्त पहिलेच अक्षर कॅपिटल ठेवण्याचा प्रस्ताव मी दिला. मग पुढची दोन अक्षरे स्मॉल राहतात आणि स्प्रिंगने काढलेले नाव तक्त्यातल्या नावाशी तंतोतंत जुळते. समितीतल्या एका ज्येष्ठ प्रोग्रामर मॅडमनी माझी छोटी चाचणी स्वतः चालवून पाहिली, दोन्ही नावे डोळ्यांनी पाहिली आणि त्याच दिवशी मंजुरी दिली. जीव भांड्यात पडला. असे तक्ते ज्यांच्याकडे जातात त्यांनी अर्जदाराकडून बीनची छापील यादी अवश्य मागावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पॅरामीटरच्या नावांबद्दल आणखी एक सांगायला हवे. एकाच प्रकारचे दोन बीन असले की स्प्रिंग पॅरामीटरचे नाव जुळवून पाहते, पण स्प्रिंग ६.१ पासून ते नाव बाइटकोडच्या, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडच्या, डीबग माहितीतून वाचले जात नाही. कंपायलरला ‘पॅरामीटर्स’ हा फ्लॅग द्यावाच लागतो. स्प्रिंग बूटचा स्वतःचा मेवन पॅरेंट (मेवन या बिल्ड साधनाची सामाईक सेटिंग फाइल) तो आपोआप देतो, मात्र कंपनीचा वेगळा पॅरेंट असेल तर तो आधी तपासावा.

क्वालिफायरमधली नावे आता मी शक्यतो स्ट्रिंग, म्हणजे अवतरणातला नुसता मजकूर, म्हणून लिहीत नाही. हळद आणि बेदाणा अशी दोन स्वतंत्र ॲनोटेशन (कोडवर लावायच्या खुणा) करून त्यांवर क्वालिफायर लावले, त्यामुळे स्पेलिंग चुकले तर कंपायलरच अडवतो. गूगलच्या ज्यूस (Guice) या अशाच फ्रेमवर्कच्या दस्तऐवजातही स्ट्रिंगची नावे बेतानेच वापरा असे याच कारणासाठी सांगितले आहे. जिथे स्ट्रिंग टाळताच येत नाही तिथे कॉम्पोनंटला नाव उघडपणे द्यावे, नाहीतर उद्या कोणी क्लासचे नाव बदलले की बीनचे नावही बदलते आणि जुन्या एक्सएमएल फाइलमधला उल्लेख तसाच मागे राहतो.