एअरबॅग, डोळा आणि हरवलेलं एक पान

अपघाताच्या भरपाईचा दावा लावायला असलेल्या सहा महिन्यांच्या मुदतीतले जवळजवळ तीन महिने माझे एका कागदासाठी गेले, आणि तो कागद मी उपचार घेतले त्याच रुग्णालयात होता. अजूनही आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहितेय.

जुलै 2022. रात्री दहाच्या सुमारास ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर, विक्रोळीच्या पुढे, डावीकडच्या लेनमधला टेम्पो एकदम आमच्यासमोर घुसला. गाडी नवरा चालवत होता, मी शेजारी. दोघांनीही पट्टा लावलेला होता. एअरबॅग सेकंदाच्या तिसाव्या भागात फुगते, पापणी मिटायलाही सवड मिळत नाही. जीव तिच्यामुळेच वाचला, हे मी आधी सांगते. पण माझा उजवा डोळा तिच्या तडाख्यात सापडला. आत रक्त साचलं आणि पांढऱ्या पावडरीने आग आग झाली.

पोलिसांचं काम पटकन झालं. एफआयआर, पंचनामा, टेम्पोच्या विम्याचे तपशील, सगळं मिळालं. वकील म्हणाले, मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली दावा लावू, पण अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही दावा लावता येतो, त्यामुळे लांबच्या खेपा वाचतात.

मग त्यांनी कॅज्युअल्टीचा केसपेपर पाहिला. त्यावर फक्त 'आरटीए (म्हणजे रस्ता अपघात), उजव्या डोळ्याला मार' एवढंच. एअरबॅगचा उल्लेख नाही, पट्ट्याचा नाही. वकील म्हणाले, "ताई, विमा कंपनी विचारणार, पट्टा नव्हता म्हणून डॅशबोर्डवर आपटल्या का? मग तुमचीही चूक धरून भरपाई कापायला बघतील."

मला मात्र पक्कं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेत्रविभागातल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी पापणी ओढून आत लिटमसची पट्टी टेकवली होती. ती निळी झाली. "एअरबॅगची पावडर आहे, क्षार आहे," म्हणत त्यांनी बाटलीमागून बाटली सलाईनने डोळा धुतला आणि सगळं लिहूनही घेतलं. ते पान मला हवं होतं.

रेकॉर्ड रूमची खिडकी अकरा ते एक. पहिल्या खेपेला एमएलसी नंबर, म्हणजे पोलीस केस म्हणून रुग्णालयात झालेल्या नोंदीचा नंबर, आणा म्हणाले. आणला, तर कागद पोलिसांकडे गेलेत. पोलीस म्हणाले, आमच्याकडे फक्त दाखल्याची प्रत. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. चौथ्या खेपेला खिडकीवरच्या माणसाने फाइल उघडून माझ्यासमोर पानं मोजली आणि म्हणाला, "नेत्रविभागाचं पान यात नाही म्हणजे ते नसेलच." एका डोळ्याने नीट दिसत नसताना पायऱ्या चढून मी तिथे गेले होते. खिडकीशी उभी राहून मी रडले, रागाने.

त्या दिवशी बाकावर बसलेल्या एका निवृत्त नर्सबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या, आवकचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घ्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात. दुसरी, नेत्रविभागाचे कागद वॉर्डच्या रजिस्टरबरोबर वेगळे बांधतात, रेकॉर्ड रूममध्ये शोधून काय मिळणार?

अर्ज दिला, त्यात 72 तासांचा नियम लिहिला. तिसऱ्या दिवशी फोन आला. पान सापडलं होतं, वॉर्डच्या कपाटात. 'एअरबॅग इंज्युरी, सीटबेल्ट होता' अशी ओळ, खाली सलाईनची नोंद. प्रत हातात आल्यावर मी तिथेच तीनदा वाचली. दावा मुदतीच्या अकरा दिवस आधी लागला.

तेव्हा कॅज्युअल्टीत असाल तर त्याच रात्री डॉक्टरांना सांगा, 'एअरबॅग' आणि 'पट्टा होता' हे शब्द लिहा. शुद्धीवर असलेल्या नातेवाइकाने सांगितलं तरी चालेल. नंतर जुन्या कागदात कुणी भर घालत नाही.

पुढचं लवकर सांगते. डॉक्टरांच्या बोर्डाने अपंगत्व 10 टक्के दिलं. मी ब्लाउज शिवते. सुईत दोरा ओवताना आता दोन सुया दिसतात, हुक लावायला शेजारणीची मुलगी लागते. वकिलांनी राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल दाखवला: शरीराचे टक्के वेगळे, कमाईचे नुकसान वेगळे. मापांच्या माझ्या सहा वर्षांच्या वह्या तिथे उपयोगी पडल्या, तारखेसकट. तुमच्याही वह्या, बिलं जपून ठेवा. 2024 मध्ये लोकअदालतीत विमा कंपनीने तडजोड केली. मागितलेली पूर्ण रक्कम नाही मिळाली, पण त्या पानावर त्यांच्या वकिलांनी एकही प्रश्न काढला नाही, याचं मला समाधान आहे.

डोळ्यात रक्त साचल्यावर पुढे काचबिंदू होऊ शकतो, म्हणून दाब तपासायला मी दर सहा महिन्यांनी जाते. ते कागदही त्याच फाइलीत लावते.

आणि हो, गॅरेजवाला फुटलेली एअरबॅग काढून फेकतो. आधी गाडीत असतानाच फोटो काढा, मग बॅग मागून घ्या. आमची अजून माळ्यावर आहे.