तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात अचूक टू-टू कोणती?

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री-पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभ्यानं मारायची स्पर्धा) कांस्य जिंकलं आणि तेव्हापासून मला हा प्रश्न येता-जाता विचारला जातो: “५० मीटरसाठी सगळ्यात अचूक रायफल कोणती हो? अ‍ॅन्शुट्झ, वॉल्थर की फाइनवर्कबाउ?” विचारणारे बहुतेक पालक असतात. काही जण एअर रायफलवरून पॉइंट टू-टूवर, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाच्या रायफलीवर, येऊ बघणारे नेमबाज. आणि काहींना रायफल घ्यायचीच नसते, नुसतं उत्तर हवं असतं. त्यांच्याशी गप्पा सगळ्यात छान रंगतात, कारण त्यांना घाई नसते.

माझं उत्तर ठरलेलं आहे: “काडतूस कोणतं मिळणार आहे?” प्रश्नाला प्रश्न केला म्हणून लोक नाराज होतात. टाळतोय असं वाटतं त्यांना. पण उत्तर खरंच तिथूनच सुरू होतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

आधी अचूकता लागते किती, ते बघू. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि तिची कड रेषेला नुसती शिवली तरी दहा धरतात. म्हणजे गोळीचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत आलं की दहा मिळाले. फायनलमध्ये दशांशात गुण देतात, तिथे ह्याच ८ मिलिमीटरचे भाग पडतात: केंद्रापासून साधारण ०.८ मिलिमीटर सरकलात की ०.१ गुण गेला. कुसाळेनं ४४ गोळ्यांत ४५१.४ केले, म्हणजे गोळीमागे सरासरी १०.२६ च्या आसपास. त्यातही शेवटच्या गोळ्या उभ्यानं मारलेल्या.

आता रायफल शिकंज्यात आवळून, माणसाला बाजूला ठेवून गोळ्या मारल्या, तर चांगल्या कंपनीची मॅच रायफल चांगल्या काडतुसावर दहा गोळ्यांचा ग्रुप १६ मिलिमीटरच्या आत सहज देते (गोळ्यांच्या केंद्रांतलं सगळ्यात मोठं अंतर मोजायचं). म्हणजे ही रायफल दहा मारू शकते का, हा प्रश्न त्या वर्गात केव्हाच निकालात निघालाय. खरा प्रश्न असा की त्या १६ मिलिमीटरपैकी किती जागा रायफल आणि काडतूस मिळून स्वतःच खातात आणि नेमबाजाच्या चुकीसाठी किती शिल्लक ठेवतात. २०१० साली म्युनिकच्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं ५० मीटर प्रोनमध्ये (पडून मारायच्या प्रकारात) ६०० पैकी ५९७ करून सुवर्ण जिंकलं, विश्वविक्रमाची बरोबरी केली. साठ गोळ्यांत गेले फक्त तीन गुण. अशा स्कोअरमागे पडून मारणाऱ्याची कमाल असतेच, पण त्या दिवशी रायफलीनं आणि काडतुसानं फार थोडी जागा खाल्लेली असते.

ही जागा खाण्यात मोठा वाटा काडतुसाचा, आणि त्याचं कारण टू-टूच्या काडतुसाच्या, म्हणजे रिमफायरच्या, रचनेतच आहे. मोठ्या बोअरच्या सेंटरफायर काडतुसात तळाच्या मध्यभागी वेगळी टोपी बसवलेली असते. ती बदलता येते, केस (काडतुसाचं रिकामं नळकांडं) पुन्हा भरता येते. परदेशात हौशी नेमबाज स्वतः दारू तोलून आपल्या नळीला मानवेल असं काडतूस बांधतात. टू-टूमध्ये पेटवणारं मिश्रण केसच्या तळाच्या कडेत, त्या पोकळ घडीत भरलेलं असतं. पिन कडेवर आपटते, कड चेपते, मिश्रण पेटतं. एकदा उडालं की केस बाद. कारखान्यातून आलं तसं वापरायचं, बस्स. नेमबाजाच्या हातात फक्त निवड उरते.

कारखाना कितीही काटेकोर असला तरी कडेत मिश्रण किती आणि कसं पसरलं, दारू किती पडली, शिशाच्या गोळीवरचं वंगण कसं बसलं, यात लॉटगणिक (एका वेळी एकत्र बनलेल्या काडतुसांच्या खेपेगणिक) फरक राहतोच. टू-टूची मॅच गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची. नळीतून ती सुमारे ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगानं निघते. मुद्दामच ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेली असते. त्याहून जलद सोडली तर वाटेत मंदावताना ध्वनीचा वेग ओलांडून खाली येते आणि त्या टप्प्यात डगमगते. हाय-व्हेलॉसिटी काडतुसं टार्गेटवाले घेत नाहीत, ती यासाठी. आता दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला, तर ५० मीटरवर त्या वरखाली किती पडतील? कागदावर मांडलंत तर सात-आठ मिलिमीटर येतात. म्हणजे जवळजवळ आख्खी एक रिंग, आणि यात तुमच्या नेमाचा काहीच दोष नाही.

पण गंमत पुढेच आहे. गोळी नळीतून जाताना नळी थरथरते. तोंड वर उचललं जात असतानाच्या क्षणी गोळी बाहेर पडत असेल, तर संथ गोळी थोडी उशिरा, म्हणजे थोड्या जास्त उंचीच्या कोनातून सुटते आणि वेगातली कमतरता आपोआप थोडी भरून निघते. कुठल्या नळीला हे कुठल्या लॉटबरोबर साधेल, ते मॉडेलच्या नावावरून कळत नाही. एकाच कारखान्यातून पाठोपाठ निघालेल्या दोन नळ्या एकाच लॉटवर वेगळं वागतात. एकीला टेनेक्स नावाच्या काडतुसाचा एक लॉट मानवतो, दुसरीला आर-५० नावाच्या काडतुसाचा. लग्नाच्या पत्रिका जुळवाव्यात तसं हे आहे, फक्त इथे पत्रिका खरंच तपासून पाहता येते.

तपासतात ती अशी. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ एली या काडतूस कंपनीची, जर्मनीत शोनेबेकला लापुआ या दुसऱ्या कंपनीची टेस्ट रेंज आहे. नेमबाज आपली रायफल घेऊन जातो. नळी आणि ॲक्शन (नळीमागची काडतूस उडवणारी यंत्रणा) स्टॉकमधून, म्हणजे रायफलीच्या दस्त्यातून, काढून शिकंज्यात बसवतात, एकामागून एक लॉटचे दहा-दहाचे ग्रुप घेतात, इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक गोळी मोजतं. जो लॉट जुळला त्याच लॉटची जमतील तेवढी पाकिटं तिथेच विकत घ्यायची. एलीच्या पाकिटावर तर लॉट क्रमांकाबरोबर वेगही छापलेला असतो, फूट प्रतिसेकंदात. अर्थात वेग सारखा म्हणून लॉट जुळेलच असं नाही, पण शोध कुठून सुरू करावा हे कळतं.

आपल्याकडे अडचण इथेच येते. चांगली मॅच काडतुसं आयात करावी लागतात, त्याला परवानग्या आहेत, कोटा आहे. पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या मुलाला “हाच लॉट हवा” असं म्हणण्याची चैन सहसा परवडत नाही. जो लॉट आला तो वाटून घ्यायचा. मग एका मुलाची रायफल त्यावर सुरेख ग्रुप देते, शेजारच्या लेनवरची त्याच मॉडेलची दुसरी रायफल गोळ्या इकडेतिकडे फेकते, आणि लगेच कुणीतरी निष्कर्ष काढतो की दुसरी रायफल खराब. आणखी एक: ब्रँड बदलला की नळीतलं जुनं वंगण निघून नवं बसेपर्यंत पहिल्या काही गोळ्या धरायच्या नसतात. रेंजवर बदललेल्या पाकिटाच्या पहिल्याच पाच गोळ्यांवरून निकाल देणारे भरपूर भेटतात.

पाच गोळ्यांचं निघालंच, तर तुलनेच्या या सवयीबद्दल थोडं बोलतो, कारण माझं सगळ्यात जास्त भांडण तिच्याशी आहे. मोबाइलवर फोटो दाखवतात: “हे बघा, पाच गोळ्या, एकाच भोकात!” त्याच रायफलीनं दहा मारल्या की ग्रुप सरासरीनं जवळजवळ पावपट वाढतो. रायफल तीच असते, जास्त गोळ्यांत टोकाची गोळी सापडायची शक्यता वाढते, एवढंच. तिनाचा ग्रुप आणि दहाचा ग्रुप यांत तर दीडपटीहून जास्त फरक पडतो. त्यामुळे एकानं तीन गोळ्यांचा, दुसऱ्यानं दहाचा ग्रुप दाखवला तर तुलना मुळातच फुकट. दोन रायफली खरोखर जोखायच्या असतील तर दोन्हींना सारखे चार-पाच लॉट द्या, प्रत्येक लॉटचे दहाचे निदान तीन-चार ग्रुप घ्या, सगळे शिकंज्यातून, आणि सरासरी काढा. वाईट ग्रुप फेकून द्यायचा नाही. एवढं करायला काडतुसं कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच खऱ्या तुलना फार थोड्या होतात आणि ऐकीव मतं भरपूर फिरतात.

समजा, एक रायफल दुसरीपेक्षा खरंच सरस निघाली. त्याचा फायदा कुणाला? थोडा हिशेब करू. रायफलीचा विखुरलेपणा आणि माणसाचा विखुरलेपणा सरळ बेरजेनं मिसळत नाहीत. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्यावं लागतं. उभ्यानं मारताना समजा मुलाचं स्वतःचं विचलन ८ मिलिमीटर आहे आणि रायफल-काडतुसाचं ३. एकूण होतं साडेआठच्या किंचित वर. आता महागडी नळी आणून ३ चं अडीच केलं, तरी एकूण ८.४ च्या आसपासच. सुधारणा मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढी. तेच, प्रोनमध्ये स्लिंग (हाताला आधार देणारा पट्टा) लावून पडलेल्या आणि स्वतःचं विचलन ३ वर आणलेल्या नेमबाजाला हाच बदल दुपटीनं मिळतो. म्हणजे रायफलीतला फरक ज्याला सगळ्यात कमी जाणवणार, तोच नवशिका त्याबद्दल सगळ्यात जास्त विचारतो. आणि वारा वेगळाच. एका मीटर प्रतिसेकंदाची आडवी झुळूक, जी गालाला जेमतेम कळते, ती टू-टूची गोळी पाच-सहा मिलिमीटर सरकवते. ५० मीटरची रेंज मधल्या पट्ट्यात उघडी असते. १० आणि ३० मीटरवरच्या त्या झेंड्यांकडे बघायला शिकलेल्या मुलाचे जितके गुण वाचतात, तितके एका कंपनीची रायफल सोडून दुसरीची घेतल्यानं वाचणार नाहीत.

तरी कंपन्यांबद्दल बोललो नाही तर तुम्ही सोडणार नाही. अ‍ॅन्शुट्झ आणि वॉल्थर दोघींचं मूळ थुरिंगियातल्या झेला-मेहलिसचं, आणि महायुद्धानंतर दोघींनी बस्तान बसवलं ते उल्मला. (आइन्स्टाइनचं जन्मगाव. नेमबाजीशी संबंध शून्य, पण मला सांगायला आवडतं.) फाइनवर्कबाउ ओबर्नडोर्फची, माउझरच्या दोन जुन्या इंजिनिअरांनी काढलेली. अ‍ॅन्शुट्झची ५४ ॲक्शन इतकी वर्षं इतक्या हातांतून गेलीय की तिचे सुटे भाग, तिची दुखणी आणि ती दुरुस्त करणारा माणूस, सगळं आपल्याकडेही सापडतं. माझ्या लेखी हे अचूकतेइतकंच महत्त्वाचं. स्वित्झर्लंडच्या ब्लायकर आणि ग्रुनिग-एल्मिगर फार देखण्या आणि फार महाग. त्यांचा बोल्ट एकदा ओढून पाहिलात तर पुढे आठवडाभर दुसरी रायफल हातात घ्यावीशी वाटत नाही. चेक सीझेड ४५७ छान आणि किमतीच्या मानानं अचूक आहे, पण तिची जागा वेगळी: दुर्बीण लावून बाकावरून किंवा मैदानी रिमफायर स्पर्धेत मारणाऱ्यांची. थ्री-पोझिशनमध्ये पीप साइटच (बारीक भोकातून नेम धरायची) लागते, आणि अंगाला मिलिमीटरनं जुळवता येणारा स्टॉक लागतो.

हा स्टॉक मात्र मनावर घ्या. बटाची (खांद्याला टेकणाऱ्या टोकाची) लांबी, चीकपीसची (गाल टेकायच्या भागाची) उंची, खांद्याखालचा हूक, पुढच्या हाताचा हँडस्टॉप. डोळा डायऑप्टरमागे, म्हणजे त्या पीप साइटच्या भोकामागे, आपोआप येत नसेल, मान ताणावी लागत असेल, तर उल्मची काय नि स्वित्झर्लंडची काय, सगळ्या सारख्याच. रायफलीच्या वजनाला नियमानं कमाल मर्यादा आहे. चौदा वर्षांच्या बारीक मुलीच्या हाती पूर्ण वजनाची रायफल देऊन तिला उभं करणारे पालक बघितले की मला तिच्या कमरेची काळजी वाटते. लाकडी स्टॉकला आपल्या पावसाळ्यात ओल लागते, ॲक्शनच्या स्क्रूंचा ताण बदलतो आणि ग्रुप हलतो. वरळीच्या रेंजवर समुद्राची हवा खात मारणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. स्क्रू टॉर्कच्या पान्यानंच आवळावेत, हाताच्या अंदाजानं नाही.

शिवाय टू-टू काही उठून दुकानातून आणायची गोष्ट नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, म्हणून मुलं आधी क्लबच्या रायफलीवर शिकतात. ही सक्तीची वाट मला चांगलीच वाटते. दोन-तीन वेगवेगळ्या रायफली खांद्याला लावून झाल्यावर मूल स्वतःच सांगतं कुठली बसते ते.

आणि तरीही “तुम्ही स्वतः काय घ्याल?” असं विचाराल, तर माझं उत्तर जुनी अ‍ॅन्शुट्झ १९१३, एकाच मालकानं वापरलेली, नळी बोअरस्कोपनं (नळीच्या आत बघायच्या दुर्बिणीनं) तपासून घेतलेली. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे कार्बनची कडक कडी जमलीय का ते आधी बघेन, कारण कित्येकदा “नळी गेली” म्हणून स्वस्तात विकलेल्या रायफलीत फक्त तीच असते आणि ती नीट साफ करता येते. मग नव्या रायफलीच्या तुलनेत जे पैसे वाचतील त्यांतून वेगवेगळ्या लॉटचं एकेक पाकीट मिळवून शिकंज्यातून मारून पाहीन, आणि जो जुळेल त्याचीच पाकिटं घेईन, कोट्यात बसतील तेवढी.