गोळी नको म्हणायचा हक्क

चवथीला गोव्यात डिचोलीला आले आणि माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधून होण्याआधीच माझं वहिनीशी वाजलं. आई संध्याकाळची गोळी घेत नाही म्हणून वहिनी ती कुटून पेजेत घालत होती. दादा म्हणाला, "घरोघर हेच चालतं, तुझं इंग्लंड तिकडेच ठेव."

ठेवलं असतं. पण इंग्लंडात स्विंडनच्या ज्या केअर होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या संस्थेत, मी सीनियर केअरर आहे, तिथे माझ्या हाताखालच्या कुणी हे केलं तर दुसऱ्या दिवशी लेखी चौकशी लागेल. तिथला कायदाच तसा आहे: मेंटल कपॅसिटी ॲक्ट, 2005 चा, स्वतःचे निर्णय घेण्याच्या क्षमतेबद्दलचा. माणसाला स्वतःचं कळतं असंच धरून चालायचं. कळत नाही, हे दुसऱ्याने सिद्ध करायचं. आणि निर्णय मूर्खपणाचा वाटला, तेवढ्यावरून त्याला कळत नाही असं म्हणता येत नाही. आमच्याकडे मधुमेहाचे एक आजोबा आहेत, जेवणानंतर दोनदा पुडिंग मागतात. मी समजावते, ते हसतात, पुडिंग खातात, मी लिहून ठेवते. सुरुवातीला हात शिवशिवायचे ती बशी उचलायला! गोळी नाकारली तर तक्त्यावर नकाराची खूण, मग थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं. लपवून द्यायचीच झाली तर आधी त्या माणसाला खरंच कळत नाही हे तपासायचं, मग डॉक्टर, फार्मासिस्ट, घरचे यांनी मिळून ठरवायचं, कारण काही गोळ्या कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात उतरतं.

शेवटी मी आईलाच विचारलं, का नको? म्हणाली, ती घेतली की रात्रभर लघवीला उठावं लागतं, अंधारात पडेन मी. डॉक्टरांनी गोळी सकाळी दिली. मिटलं! एवढे महिने तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

आता गावातला नेहमीचा प्रश्न. "म्हणजे म्हाताऱ्यांचं हगमूतच ना?" हो, तेही. आईने आजीचं केलं तर पुण्य, मी पगार घेऊन केलं की हलकं काम? शिवाय औषधांच्या ट्रॉलीची किल्ली माझ्याकडे असते. मॉर्फिनसारखी औषधं दोघींच्या सहीशिवाय कपाटाबाहेर येत नाहीत, त्यातली एक सही माझी. केअर प्लॅन मी लिहिते, पाळी बदलताना कुणाची पाठ लाल दिसली, कोण कमी जेवलं, हे मी सांगते. या कामाचा लेव्हल 3 चा डिप्लोमा रात्रपाळी करून केला. पणजीत बँकेत बसणाऱ्याला कुणी विचारत नाही की दुसऱ्यांचेच पैसे मोजतोस ना.

मी पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडायच्या, आधी गेले, ते दार आता बंद आहे. या कामासाठीच्या ब्रिटनच्या केअर व्हिसाचंही तसंच: 11 मार्च 2024 पासून नव्याने जाणाऱ्यांना नवरा-मुलं नेता येत नाहीत आणि 22 जुलै 2025 पासून बाहेरच्या देशातून या कामासाठी नवी भरतीच थांबलीय. तरीही कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

दादाचं एक मात्र लागलं. "कायदा सांगायला काय जातं? रात्री आई पडली तर धावणार मी." खरंय. पण दिवसाच्या बाईचा पगार मी देते, आईची औषधं माझ्या पैशांची. होममध्ये रविवारी तासभर येऊन जाणारी मुलं बघून मी मनात नावं ठेवते. त्यांची आई अर्ध्या तासावर असते, माझी तशी नाही. फरक आहे ना?

पुढे लेव्हल 5, मग जमलं तर होमची रजिस्टर्ड मॅनेजर. वहिनी म्हणते, मग तर येणंच बंद होईल तुझं. होणार नाही. चवथीची रजा मी जानेवारीतच मागून ठेवते, ख्रिसमसला मी काम करते म्हणून ती कुणी नाकारत नाही.