ऑक्टोबरातली रतनवाडी आणि वाळायला टाकलेलं भात

भंडारदऱ्याला कधी जावं असं कुणालाही विचारा, दोनच उत्तरं येतात. मे संपता संपता काजवे बघायला, नाहीतर जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे बघायला. मला ह्या दोन्ही वेळा नकोशा वाटतात, तिथल्या शेंडी गावच्या चौकात गाड्यांची रांग, जिथे तिथे स्पीकर, आणि रात्री काजव्यांच्या झाडाखाली लोक मोबाइलचे टॉर्च लावून उभे. ऑक्टोबर मात्र माझा आवडता. आश्विन लागला की ढग वर जातात, आर्थर लेक, म्हणजे धरणाचा तलाव, काठोकाठ भरलेला असतो, सोनकीच्या फुलांनी डोंगरउतार पिवळेधमक होतात, सकाळी गवतावर दव आणि रात्री अंगावर जाड काहीतरी घ्यावं एवढा गारवा. पुण्यात त्याच दिवसांत ऑक्टोबर हीटने जीव नकोसा झालेला असतो.

ह्या वेळी मात्र हवेसाठी गेलो नाही. घरातून बाहेर पडायचं होतं म्हणून गेलो. आमचा प्रोजेक्ट डिसेंबरमध्ये बंद होतोय, एकेकाला एचआर मीटिंगला बोलावतायत, आणि मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, जिथे प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी सहज म्हणून जातं की हे आता एआय करेल. इतकी वर्षं केलेलं काम कुणी असं एका वाक्यात गुंडाळलं की पोटात खड्डा पडतो. घराचा हप्ता आहे, लेक दहावीला आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी छताकडे बघत हिशोब करत असायचे आणि सकाळी तोच हिशोब पहिल्यापासून. शेवटी नवराच म्हणाला, फोनला रेंज नसेल अशा ठिकाणी जाऊ. लेक आजीकडे राहिली आणि आम्ही निघालो.

नारायणगाव, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. पहिला दिवस प्रवासात आणि धरणाच्या भिंतीवर गेला. प्रवरेवरचं हे धरण इंग्रजांनी बांधून १९२६ साली पुरं केलं, आणि शंभर वर्षं ते खाली संगमनेर-श्रीरामपूरच्या उसाला पाणी देतंय. येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस दिसतो तो ह्याच पाण्यावरचा. वरच्या गावांत मात्र उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन फिरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते इथे अक्षरशः खरं आहे.

शेंडीहून रतनवाडीपर्यंतचा तलावाकाठचा रस्ता खड्ड्यांनी भरलेला आहे पण मला तो फार आवडतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, आणि समोर रतनगड शेजारच्या खुट्ट्याच्या सुळक्यासकट. अमृतेश्वराच्या मंदिरात गेलो, पुष्करणीच्या पायरीवर बसलो. दगडात इतकं बारीक कोरीवकाम, आणि त्यावर टेकून लोक रील्स काढत होते, ते बघवत नव्हतं. रतनगडही चढलो. शिड्यांवर गर्दीने अर्धा तास अडकलो, नेढ्यात, म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या भोकात, मात्र वारा असा होता की दोघंही नुसते बसून राहिलो. समोर अलंग-मदन-कुलंग हे गड आणि कळसूबाई इतकी स्वच्छ दिसत होती की महिन्याभरात पहिल्यांदा मी ऑफिस विसरले. गडाबद्दल एवढंच, कारण मला लिहायचंय ते संध्याकाळबद्दल.

आम्ही एका महादेव कोळी कुटुंबाच्या घरी उतरलो होतो. मावशी, बाबा, त्यांची सून आणि दोन नातवंडं, मुलगा कामाला बाहेर. पडवीत झोपायचं, चुलीवरचं जेवण, नाचणीची भाकरी आणि झणझणीत ठेचा. बाथरूम घरामागे लांब आहे आणि रात्री तिथे जायला भीती वाटते, ज्यांना हे चालत नसेल त्यांनी शेंडीत हॉटेल घ्यावं. मला मात्र ते घर आवडलं कारण कुणी आमच्यापुढे पाहुणचाराचा देखावा केला नाही, आपापली कामं चालू होती आणि त्यात आम्हालाही सामावून घेतलं.

गडावरून उतरून चहा पीत बसलो होतो. मावशी अंगणात उभ्या राहून पश्चिमेकडे बघत होत्या. घाटघरच्या बाजूला ढग काळे होत होते. मला ते दृश्य सुंदर वाटत होतं, खालून सोनेरी ऊन आणि वर काळं आभाळ, मी फोन काढणारच होते तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "आवंदा काय खरं न्हाय." आणि बाबांना हाक मारली.

घराखालच्या खाचरांत आदल्या दिवशीच हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापून वाळायला टाकलेलं होतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, भात कापलं की ते तसंच खुंटांवर पसरून दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात, मग पेंढ्या बांधून खळ्यावर नेतात आणि झोडतात. ह्या दोन-तीन दिवसांत पाऊस नको असतो. उभं भात एक वेळ सर सोसून घेतं, कापलेलं सोसत नाही. ओल धरली की दाण्याला मोड येतात, नाही आले तरी तांदूळ गिरणीत तुटतो आणि कणीच जास्त निघते.

मग पळापळ. बाबा, मावशी, सून, शेजारची दोन-तीन माणसं, आणि आम्ही दोघं. सुनेने मला दाखवलं, चार-पाच काडं घ्यायची, त्यांना पीळ द्यायचा, तो बंध पेंढीखालून घालून गुडघ्याने दाबून आवळायचा आणि टोक आत खोचायचं. दोरी-बिरी काही नाही, भाताचं भातालाच बांधायचं. माझी पहिली पेंढी उचलल्या उचलल्या सुटली, तिने काही न बोलता परत बांधून दिली. लोंबीवरची कुसळं हातांना टोचतात, पानांच्या कडा कापतात आणि मानेपर्यंत खाज सुटते. नवरा आणि बाबा भारे डोक्यावरून पडवीत नेऊन टाकत होते, जिथे आम्ही झोपणार होतो तिथेच. वारा सुटला आणि तो वास आला, पावसाआधीचा, ज्याच्यावर आपण सगळे एवढे भाळतो. मला त्या क्षणी तो वास नको होता.

पहिले टपोरे थेंब पडले तेव्हा शेजारच्या माळावरच्या टेंटमधून आरडाओरडा झाला. पाऊस आला म्हणून आनंदाने. कुणीतरी गाणं लावलं, दोघं-तिघं हात पसरून भिजायला बाहेर आले आणि बांधावरून आम्हा सगळ्यांचा व्हिडिओ काढायला लागले. मला इतका राग आला की मी ओरडले, "व्हिडिओ नंतर काढा, आधी हात लावा!" त्यातला एक मुलगा खरंच आला आणि शेवटपर्यंत भारे वाहत राहिला. बाकीचे टेंटमध्ये गेले. पैसे देऊन राहतो म्हणजे समोर चाललेल्या कुणाच्या तरी वर्षभराच्या कमाईशी आपला काही संबंध नाही, हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

निम्म्याहून थोडं जास्त वाचलं. उरलेल्यावर बाबांनी आणि नवऱ्याने कागद टाकला, म्हणजे प्लास्टिकची मोठी ताडपत्री, आणि कडेला दगड ठेवले. तरी एका खाचरात पाणी शिरलंच.

रात्री पडवीत भात असं पसरलेलं होतं की पाय ठेवायला जागा नाही. ओलं रचून ठेवता येत नाही, आतून तापतं. आम्ही सगळे चुलीभोवती बसलो. बाबांनी २०१९ ची आठवण काढली, तेव्हा दिवाळी झाली तरी पाऊस हटला नव्हता. मलाही आठवतं, अरबी समुद्रात क्यार वादळ होतं आणि त्या वर्षी मान्सून परतायलाच विक्रमी उशीर झाला होता. आता तर हवामान खात्याने २०२० पासून तारखाच बदलल्यात, राजस्थानातून मान्सून परत फिरायची तारीख १ सप्टेंबरची १७ सप्टेंबर केली. म्हणजे कागदावरसुद्धा पावसाळा पुढे सरकलाय. हळव्या भाताला हे कोण सांगणार, ते त्याच्या दिवसांनीच पिकतं.

मग मावशींनी मला विचारलं, "तुमचं तरी महिन्याच्या महिन्याला येतंय ना?" मी म्हटलं, "येतंय हो मावशी, पण पुढच्या वर्षी येईल का माहीत नाही." आणि का कोण जाणे, सगळं सांगितलं. प्रोजेक्ट, एचआर, हप्ता, दहावी.

पुण्यात मी हे ज्या कुणाला सांगितलं त्या प्रत्येकाने, "अगं होईल सगळं नीट, पॉझिटिव्ह राहा," एवढंच म्हणून विषय संपवला होता. माझी आईसुद्धा. बाबांनी तसं काही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, गावाकडं जमीन हाय का? नाही म्हटलं. हप्ता किती? सांगितला. ह्यांच्या एकट्याच्या पगारात भागंल का? मी म्हटलं, हप्ता जाईल पण बाकी कठीण आहे. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "मंग आवघड हाय."

इतकंच. आणि मला रडू आलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझी काळजी खरी आहे असं मानून तिच्याकडे बघितलं होतं.

मग त्यांनी त्यांचं सांगितलं, माझ्यासाठी उपदेश म्हणून नाही, आपण कसं नोकरीबद्दल बोलतो तसं. हळवं गेलं तर निमगरवं आणि गरवं, म्हणजे मागाहून पिकणारं भात, अजून उभं आहे. तेही गेलं तर उतारावरची नाचणी आणि वरई खायला पुरते, विकायला नाही. हिरडा गोळा होतो, पण त्याला भाव देईल तो व्यापारी. आणि काहीच नाही जमलं तर नारायणगावला मजुरीला, मुलगा आत्ता तिथेच आहे. "म्हातारपणी जायला नको वाटतं," मावशी म्हणाल्या. पंचनाम्याचं विचारलं तर बाबांनी हात झटकला, मागच्या वेळी माणूस आला, फोटो काढून गेला, पुढे काही कळलं नाही.

त्या रात्री मी आणि नवरा भाताच्या वासात, भिंतीला पाठ लावून बसलो आणि पहिल्यांदा आमचे आकडे एकमेकांना मोठ्याने सांगितले. नोकरी गेली तर आधी काय बंद करायचं, मग काय, आणि सगळ्यात शेवटी काय. गाडी आधी विकायची. फ्लॅट शेवटी. लेकीच्या क्लासला हात लावायचा नाही. झोप कमीच लागली पण छताकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सांधण व्हॅलीच्या अरुंद घळीत जायचं ठरलं होतं, आत पाणी होतं म्हणून नाहीच गेलो. कडक ऊन पडलं आणि दुपारपर्यंत सगळ्यांनी मिळून भात परत अंगणात पसरलं, मग आम्ही निघालो. येताना पैसे देताना मावशी जास्तीचे घेईनात, त्यावरून बराच वाद झाला, शेवटी सुनेने घेतले.

ऑक्टोबरात तिकडे जाणार असाल तर एक कळकळीची विनंती आहे, कापलेल्या खाचरातून चालू नका, खळ्यावर गाड्या लावू नका, आणि तांदूळ घ्यायचा तर तिथूनच घ्या, पॅकेटवर काही छापलेलं नसलं तरी. मी कणी सांगितली आहे, भिजलेल्या भाताची तीच जास्त निघणार. मऊ भाताला आणि पेजेला ती उत्तमच.

परवा तांदळासाठी फोन केला. गरवं अजून उभं आहे, कापणी दिवाळीनंतर. मावशी म्हणाल्या, आभाळ येऊन-जाऊन आहे. मग विचारलं, "तुमच्या कामाचं काय झालं?" मी म्हटलं, अजून कळवलं नाही कुणी, डिसेंबरात कळेल. "कळलं की फोन करा, काय का आसंना," म्हणाल्या आणि कणी कुणाच्या गाडीने पाठवायची ते विचारायला लागल्या.