आखातातला धर्मग्राम सोडताना

नोकरी संपली की आखाती देशातला व्हिसा रद्द होतो, आणि त्याबरोबर तिथल्या धर्मग्रामातली, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या समुदायातली, पंधरा-वीस वर्षांची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना), क्वायर, धर्मशिक्षणाचे वर्ग सगळं मागे पडतं. वसईची कितीतरी कुटुंबं या वळणावरून जातात. सामान बांधण्यापेक्षा हे जड जातं. दोह्यात २००८ साली उघडलेलं रोझरी मातेचं चर्च घ्या. बाहेरून क्रूस नाही, घंटा नाही. वेगवेगळ्या पंथांची चर्चेस एकाच आवारात, आणि आत कितीतरी भाषांतल्या मिस्सा. सख्खे मामा-मावश्या हजारो मैल दूर, त्यामुळे मुलांचे गॉडपेरेंट्स, आजारपणात डबा पोचवणारे, पगार अडला तर उसने देणारे असे सगळे याच आवारात भेटलेले असतात. निघताना तुटतं ते हे.

अशा वेळी ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य फार लवकर कानावर येतं. चुकीचं नाही, पण पहिल्या आठवड्यात त्याने रडणाऱ्याचं तोंड तेवढं बंद होतं. बायबलला इतकी घाई नाही. बेचाळिसावं स्तोत्र उघडा. समुदायाबरोबर जयघोष करत देवाच्या घराकडे जाण्याचे दिवस तो स्तोत्रकर्ता आठवतो, आणि आपले अश्रूच आपलं अन्न झालेत असं सरळ सांगतो. निघण्याआधीचे काही दिवस घरच्या प्रार्थनेत हेच स्तोत्र मोठ्याने वाचावं. मुलांनाही वाचायला द्यावं. मित्र सुटल्याचं दुःख त्यांना बहुधा सांगता येत नाही.

निरोप कसा घ्यावा हे मात्र प्रेषितांची कृत्ये, अध्याय २० मध्ये आहे, आणि सतराव्या ओवीपासून शेवटपर्यंत ते सावकाश वाचण्यासारखं आहे. इफिस शहरात तीन वर्षं काढलेला प्रेषित पौल तिथल्या मंडळीच्या वडीलधाऱ्या प्रमुखांना मिलेत बंदरात बोलावून घेतो. केलेलं काम सांगतो. कुणाच्या सोन्या-रुप्याचा, कपड्याचा लोभ धरला नाही, स्वतःच्या हातांनी कमावून गरजा भागवल्या, असा हिशेबही देतो. पुढची जबाबदारी त्यांच्या हाती सोपवतो. मग सगळे गुडघे टेकतात, प्रार्थना करतात, गळ्यात पडून रडतात आणि त्याला जहाजापर्यंत पोचवतात. पुढच्याच अध्यायात सोर गावी तो जेमतेम सात दिवस राहिलेला, तरी बायकामुलांसकट सगळे त्याला किनाऱ्यापर्यंत सोडायला येतात. रडू नका, असं दोन्ही ठिकाणी कुणी म्हणत नाही.

हाच क्रम आजही लागू पडतो. शक्य असेल तर दोन महिने आधी फादरना आणि गटाच्या प्रमुखांना कळवा. वाचकांचं वेळापत्रक, क्वायरच्या वह्या, गटाची वर्गणी, व्हॉट्सअॅप ग्रुपचं अॅडमिनपद, जे हातात असेल ते नाव घेऊन कुणाकडे तरी द्या. शेवटच्या आठवड्यात गडबडीत टाकलेलं काम मागे राहणाऱ्यांच्या गळ्यात पडतं आणि आपल्याला इकडे आल्यावर टोचत राहतं. आभाराची मिस्सा लवकर नोंदवा, कारण मोठ्या धर्मग्रामात हेतूंची, म्हणजे कुणासाठी वा कशासाठी मिस्सा व्हावी या मागण्यांची, रांग असते. मिस्सेनंतर प्रवाशांसाठीचा आशीर्वाद मागा. चर्चच्या आशीर्वादविधींत तो आहे, आणि पाच-दहा मिनिटांत होतो.

कागदपत्रं हाही निरोपाचाच भाग. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायाची सुरुवात फीबी नावाच्या श्रद्धेतल्या बहिणीच्या शिफारशीने होते: हिला स्वीकारा, लागेल ती मदत करा. फादरकडून तसं दोन ओळींचं पत्र घ्या, वसईतल्या धर्मगुरूंना ते उपयोगी पडतं. मुलांचे बाप्तिस्म्याचे दाखले घ्या आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी ताडून पाहा. चूक असेल तर तिथे असतानाच जन्मदाखला दाखवून दुरुस्त करून घ्यावी, नंतर ईमेलवर तेच काम महिनोन्‌महिने रेंगाळतं. बाप्तिस्म्याची मूळ नोंद कायम त्याच चर्चच्या रजिस्टरात राहते आणि दृढीकरण (कन्फर्मेशनचा संस्कार), लग्न यांच्या नोंदी तिच्याच समासात होतात. लग्नाच्या वेळी सहसा सहा महिन्यांच्या आतला ताजा दाखला लागतो, तोही तिथूनच मागवावा लागतो. म्हणून पॅरिश ऑफिसचा पत्ता आणि ईमेल घरातल्या प्रत्येकाकडे हवा. दृढीकरणाचा वर्ग अर्धवट सुटत असेल तर किती वर्षं झाली त्याचं पत्र आणा. ते नसेल तर मुलाला इकडे पहिल्यापासून बसावं लागण्याची शक्यता असते.

मुलं घरात कादोडी, म्हणजे वसईची बोली, बोलत असली तरी मराठी मिस्सा त्यांना नवीन पडते. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि ‘नमो मारिया’ निघण्याआधीच पाठ करून घ्या. नाहीतर पहिल्या रविवारी सगळे म्हणत असताना ती गप्प उभी राहतात आणि दुसऱ्या रविवारी यायला कुरकुरतात.

परतल्यावर पहिले काही महिने ‘तिकडे क्वायर कसा होता’ हे वाडीत बोलू नये. ऐकणाऱ्याला ते त्याच्या चर्चची नालस्ती वाटते. शेजारच्या काही घरांच्या लघुख्रिस्ती समूहाच्या बैठकीला जा, एखादं छोटं काम घ्या. पदाची घाई नको.

दोहा-कुवेतकडून आलेल्यांना शुक्रवार खातो. तिकडे तो सुट्टीचा, रविवारऐवजी मिस्सेला जाण्याचा दिवस, इकडे कामाचा. रोज व्हिडिओ कॉल करत बसलात तर मन तिकडेच अडकून राहतं. त्यापेक्षा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीच्या दिवशी, जुन्या गटाबरोबर फोनवर जपमाळ ठेवा. जपमाळेच्या पाच रहस्यांना, म्हणजे पाच टप्प्यांना, वीसेक मिनिटं लागतात. दोह्यापेक्षा आपलं घड्याळ अडीच तास पुढे आहे, म्हणजे त्यांचे संध्याकाळचे सात वाजले की आपले साडेनऊ. मुलांची जेवणं तोवर उरकून घ्या.