तोडायचं ते झाड दुसरंच निघालं

फळझाडांची छाटणी आणि कलमं करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे "करवतवाला येतोय, त्याआधी तू एकदा नजर टाक" असे फोन येतातच. त्या दिवशी काकांच्या बागेत दोन झाडं बघायची होती. दोन्ही बियांपासून केलेली, एकाच वेळी लावलेली, वय सात वर्षं. रंबुतान, म्हणजे लिचीसारखं केसाळ फळ देणारं झाड, छपराच्या वर गेलेलं आणि फुलांच्या तुऱ्यांनी भरलेलं. शेजारचं मँगोस्टीन (जांभळ्या सालीचं, आत पांढरा गर असलेलं फळ देणारं झाड) जेमतेम माझ्या खांद्याएवढं, त्याला अजून एकही फूल नाही.

"हे मँगोस्टीन नर आहे, काढून टाकू. रंबुतानला खत वाढवू. गेले तीन मोसम एवढं फुलतंय, फळ धरेलच की," काका म्हणाले.

मी आधी रंबुतानच्याच मागे लागलो. एका फुलावर निकाल देऊ नये, म्हणून चारही बाजूंचे तुरे घेतले आणि भिंग काढलं. फूल हिरवट-पांढरं, इवलंसं. पाच-सात पुंकेसर ताठ बाहेर आलेले, परागकोश फुटलेले. बोटाला पिवळी पूड लागली. मधोमध दोन टोकांत फाटलेली कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा मादी भाग, दिसायला हवी होती. तिथे नुसता बारीक उंचवटा. दुसऱ्या तुऱ्यात तेच, तिसऱ्यातही तेच.

"काका, नर हे आहे."

ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले. बियांपासून केलेल्या रंबुतानात निम्म्याच्या आसपास झाडं नर निघतात. पपई लावणाऱ्याला हे नवीन नाही, पण पपईचा निकाल काही महिन्यांत लागतो. इथे वर्षं जातात. आणि खताने नराची मादी होत नाही, कितीही पोती ओता.

मँगोस्टीनची गोष्ट अगदी उलट. त्याचं बी परागीभवनाशिवायच तयार होतं, म्हणून रोप म्हणजे आईचीच नक्कल. लागवडीतली झाडं मादीच असतात. फक्त मुळं आळशी. आठ-दहा वर्षं सहज घेतात, कधी त्याहून जास्त. काकांच्या झाडाची पानं जाड, चकचकीत होती, शेंड्याला नवी लालसर जोडी उलगडत होती. एवढं निरोगी झाड तोडायचं कशाला? बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला आणि पाण्याचा ताण पडू देऊ नका, एवढंच सांगितलं.

करवतवाला आला तेव्हा त्याला रंबुतानकडे वळवलं. समूळ काढायचं नव्हतं. खोड कमरेच्या वर कापायचं, फुटवे पेन्सिलएवढे जाड झाले की त्यांवर खात्रीच्या फळणाऱ्या झाडाचे डोळे भरायचे, म्हणजे त्याच्या कळ्या सालीसकट बसवायच्या. मुळं सात वर्षांची तयार आहेत, ती फुकट का घालवा?

एक फांदी मात्र मी कापू दिली नाही. फळणाऱ्या जातींची फुलं द्विलिंगी दिसली तरी बहुतेक मादीसारखीच वागतात, परागकोश उघडतच नाहीत. जवळ पराग देणारं काहीतरी लागतं.

"म्हणजे याचा थोडा तरी उपयोग आहे म्हणायचं," काका म्हणाले आणि आतून लाल फीत घेऊन आले. ती त्या फांदीला बांधली, पुढच्या छाटणीला मी नसलो तर कुणी साफ करून टाकायला नको.