वाघ्याच्या तोंडाचा वास

वाघ्या संध्याकाळी मांडीवर हनुवटी टेकवून बसला, की आमच्या टिळकवाडीच्या घरात कोणीतरी नाक दाबी आणि आई म्हणे, "कुत्र्याच्या तोंडाला काय केवड्याचा वास येणार आहे?" या एका वाक्यावर आम्ही दोन वर्षे काढली.

मग त्याच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज आली. गांधीलमाशी डसली असेल, असे समजून आम्ही हळद लावली. सूज फुटून पू वाहू लागला, तेव्हा त्याला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेले. निम्मे कानडी, निम्मे मराठी बोलणाऱ्या त्या डॉक्टरांनी डोळ्याला हातही न लावता सरळ वरचा ओठ उचलला. मोठ्या दाढेचा बाहेरचा कपचा उभा निघून गेला होता आणि मागच्या दाढांवर गुळाच्या काहिलीला धरलेल्या खरपुडीसारखे तपकिरी कीटण साचले होते. या दाढेची मुळे डोळ्याच्या अगदी खाली असतात, त्यामुळे मुळाशी झालेला पू गालावर दिसतो.

"मटणातली नळी देता काय? कडक हाड चावूनच अशी दाढ फुटते," त्यांनी विचारले. देत होतो, दर रविवारी आणि तेही दात साफ होतात या समजुतीने!

मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात. त्याची लाळ आपल्यापेक्षा अधिक अल्कधर्मी असल्यामुळे दात सहसा किडत नाहीत, पण त्याच कारणाने दातांवरचा मऊ थर थोड्या दिवसांत कडक कीटण बनतो, हिरडीखाली जंतू वाढतात आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूंमुळे तो वास येतो. मूत्रपिंडे बिघडली तर अमोनियासारखा, मधुमेह बळावला तर गोडसर वास येऊ शकतो. म्हणून, शिवाय भूल द्यायची असल्याने, आधी रक्त तपासले गेले. भूल न देता कीटण खरवडून देणारेही भेटतात, परंतु त्यात दात वरून पांढरे दिसतात आणि हिरडीखालचा रोग तसाच राहतो. वाघ्याच्या दोन दाढा काढाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी त्याने मऊ भात चाटूनपुसून खाल्ला, तेव्हा एवढे दिवस तो दुखणे गिळूनच जेवत होता, हे लक्षात येऊन मला फार ओशाळल्यासारखे झाले.

आता रोज रात्री बोटाला ओले फडके गुंडाळून त्याचे दात बाहेरच्या बाजूने पुसतो. आठवड्याभरापूर्वी कुत्र्यांसाठीची पेस्ट आणि मऊ ब्रश सुरू केला. आपली टूथपेस्ट चालत नाही, कारण कुत्रा ती गिळतो. त्यातील फ्लोराइड त्याला बाधते आणि काही पेस्टमध्ये गोडीसाठी असणारे झायलिटॉल तर त्याला विषच आहे. उजवीकडे बोट गेले की तो अजून मान फिरवतो, म्हणून सुरुवात डावीकडून करतो.